नादुरुस्त नसलेल्या मॉनिटरची कैफियत

मित्रांनो, माझ्या कपाळावर आजही डिंकाचा एक डाग आहे. तिथे तीन आठवडे एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर लाल शाईत एकच शब्द लिहिलेला होता, ‘नादुरुस्त’. मी एक जुना मॉनिटर आहे, हे मला मान्य आहे. जुना म्हणा, चौकोनी म्हणा, जाडा म्हणा, मी मुकाट्याने ऐकून घेईन. पण नादुरुस्त मी एक दिवसही नव्हतो. ज्या माणसाने ती चिठ्ठी लावली त्याच्यावर मी डूख धरला आणि त्याचं उट्टं पुरेपूर काढलं. ते कसं काढलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला पांढऱ्या टोप्या लावलेल्या बायकांनी माझी काच बसवली, मागची झाकणं आवळली आणि मला परीक्षेच्या टेबलावर ठेवलं. आधी सगळा लाल, मग सगळा हिरवा, मग निळा, मग पांढरा असं मला रंगवून पाहिलं. एकही ठिपका मेलेला निघाला नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हिरवं लेबल लावलं आणि शेजारणीला म्हणाल्या, “हा टिकेल गं पुष्कळ.” ते शब्द मी अजून विसरलेलो नाही.

कपड्याला जसं माप असतं तसं मलाही आहे. आडवे बाराशे ऐंशी ठिपके आणि उभे एक हजार चोवीस. त्या मापाचं चित्र आलं की मी ते अगदी काठोकाठ दाखवतो. त्याहून लहान चित्र आलं तर ते ताणून मोठं करावं लागतं, मग अक्षरं फुगतात, कडा धूसर होतात. अशा वेळी मला बोलायला एक वाक्य दिलेलं आहे. आयुष्यात मला बोलता येतं ते तेवढंच. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडते आणि तिच्यात येतं, ‘हे माप योग्य नाही. १२८० × १०२४ ठेवा.’ मिनिटभराने चौकट आपोआप मिटते. माझ्या हनुवटीखाली पाच बटणं आहेत. त्यांतून माझं सगळं तंत्र चालतं आणि त्या बटणांना कुणाचीही परवानगी लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तिथून मी एका रुग्णालयात आलो. तळमजल्यावर, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला नोंदणीची खिडकी होती. तिथल्या टेबलावर माझी नेमणूक झाली. खिडकीवर ज्या बाई बसायच्या त्यांना सगळे ताई म्हणायचे. मोठ्या डॉक्टरीणबाईही ताईच म्हणायच्या. ताई रोज सकाळी आल्या की आधी पर्स खुंटीला लावायच्या, मग ड्रॉवरमधून जुन्या सुती ओढणीचा मऊ तुकडा काढून माझा चेहरा पुसायच्या, वरून खाली, कधी गोल गोल नाही. त्यानंतरच त्या सीपीयूचं बटण दाबायच्या. त्या बटणाशेजारी त्यांनी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला होता, कारण खाली अंधारात ते बटण सापडत नसे.

ताईंच्या फॉर्मवर पंधरा ओळी होत्या. नाव, वय, पत्ता असं करत करत सगळ्यात खाली पंधरावी ओळ यायची. ‘कोणत्या औषधाचा त्रास होतो का?’ हा प्रश्न ताई नेहमी दोनदा विचारायच्या. पहिल्यांदा माणूस घाईत “नाही” म्हणायचा. ताई पेन खाली ठेवून, त्याच्याकडे बघून पुन्हा विचारायच्या, “नक्की ना? आठवून बघा.” मग कितीतरी जण म्हणायचे, “हां, तसं मागे एकदा एका इंजेक्शनने अंग सुजलं होतं.” ताई ते लिहायच्या आणि मी ते ठळक दाखवायचो. अशी आमची नऊ वर्षं सुखाने गेली. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या की या खिडकीवरून आलेला कागद डोळे मिटून घ्यावा. मला वाटतं त्या कौतुकात माझाही वाटा होता.

आणि मग किल्लेदार आला.

तो संगणक विभागाचा प्रमुख. त्याचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही. रुग्णालयातल्या सगळ्या संगणकांचा मुख्य पासवर्ड एकट्याने दाबून ठेवलेला, म्हणून परिचारिकांनी त्याला किल्लेदार नाव ठेवलं होतं. घड्याळ पाच मिनिटं मागे असलं तरी पुढे करायला याचा पासवर्ड. अक्षर जरा मोठं करायचं तरी याचा पासवर्ड. त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात नियमांचा कागद लिहून केबिनच्या दारावर लावला होता. अर्ज फक्त गुरुवारी पाहिले जातील. स्क्रीनच्या तक्रारी सर्वांत शेवटी पाहिल्या जातील. अर्ज अपूर्ण असल्यास पुढच्या गुरुवारी. माणूस असा की दोन मिनिटांचं काम करून दिलं तर आपली किंमत कमी होते असं त्याला वाटायचं.

एका संध्याकाळी ताई घरी गेल्यावर त्याने आमचा सीपीयू उचलला आणि त्याच्या जागी स्वतःच्या केबिनमधला खटारा आणून लावला. आमचा चांगला वेगवान होता, तो याला हवा होता. खटाऱ्यात चित्र नीट पाठवणारा प्रोग्रॅमच टाकलेला नव्हता. त्यामुळे मला आठशे बाय सहाशेचं इवलंसं चित्र येऊ लागलं. मी इमानाने माझं वाक्य म्हटलं. किल्लेदाराने काय करावं? त्याने माझं मेन्यूचं बटण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खुपसलं, इतक्या जोरात की ते आत रुतून बसलं, आणि उघडलेल्या मेन्यूत जाऊन माझा संदेशच बंद करून टाकला. माझी वाचा काढून घेतली, मित्रांनो. जाताना माझ्या डोक्यावर एक चापटही मारली.

दुसऱ्या दिवशी ताईंना अक्षरं भोपळ्याएवढी दिसली. फॉर्म पडद्यात मावेना, त्याचा खालचा भाग टेबलाखाली गेल्यासारखा नाहीसा झाला. तो वर ओढावा तर त्या फॉर्मला सरकपट्टीच नव्हती. ताईंनी सेटिंग उघडलं, तर माप बदलण्याची जागा करडी पडलेली आणि खाली पासवर्डाची चौकट. त्या लगेच तक्रारवही घेऊन केबिनकडे गेल्या. परत आल्या तेव्हा किल्लेदार त्यांच्या मागून चालत आला होता.

“मॉनिटर म्हातारा झालाय ताई. नवा मागवलाय मी,” तो म्हणाला आणि खिशातून लाल पेन काढून ती चिठ्ठी लिहू लागला.

“पण शेवटची ओळ दिसत नाही. औषधाची.”

“ती ओळ काढली. नव्या व्यवस्थेत डॉक्टरच भरतात ती. तुम्ही नका डोकं शिणवू.”

ताईंनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? संगणकात काय असतं आणि काय नसतं हे सांगणारा तोच एक माणूस होता. ओळ काढलेली नव्हती. ती माझ्या पडद्याच्या काठाखाली, अगदी दोन बोटांवर होती. मला ती माहीत होती आणि मला बोलता येत नव्हतं. माझ्या अंगाची कशी लाही लाही झाली असेल ते तुम्हीच ओळखा.

अकरा दिवस पंधरावी ओळ कोरी जात राहिली. ओळ कोरी असली की छापील कागदावर ‘नोंद नाही’ असं यायचं आणि परिचारिका समजायच्या की त्रास नाही. बाराव्या दिवशी एक सुतारआजोबा हाताला लागलं म्हणून आले. ते दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हा दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी एका इंजेक्शनचं नाव सांगितलं होतं. या वेळी त्यांना कुणी विचारलंच नाही. तेच इंजेक्शन दिलं गेलं. आजोबांचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. वरच्या मजल्यावर धावपळ झाली आणि संध्याकाळपर्यंत ते सावरले. पण ती दुपार ताईंनी माझ्यासमोर बसून कशी काढली ते मी पाहिलं आहे. त्या रडल्या नाहीत. फक्त ओढणीचा तो तुकडा हातात घेऊन त्याची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या.

चौकशी लागली. खापर फोडायला डोकं हवंच होतं. किल्लेदाराने सरळ हात वर केले. “ओळ काढली असं मी म्हणालोच नाही. मॉनिटर खराब होता, ते मी वहीत लिहून ठेवलंय. खराब स्क्रीनवर बाईंनी जास्त लक्ष द्यायला हवं होतं.” वहीत खरोखरच तसं लिहिलेलं होतं. त्याने ताईंना तोंडी सांगितलेलं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरीणबाईंसमोर निकाल व्हायचा होता, आणि ताईंची नोकरी जाणार हे खालपासून वरपर्यंत सगळे धरून चालले होते.

त्याच्यासाठी मी काय होतो, कळलं ना? मी त्याची ढाल होतो. मी जितका खराब, तितका तो निर्दोष. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की आता ठणठणीत राहायचं. माझ्या आतल्या एका भागाला वयोमानाने गुणगुण सुरू झाली होती, कधी कधी पापणी लवल्यासारखं चित्र हलायचं. तेही मी थांबवलं. मी जर त्या दिवसांत एकदा जरी विझलो असतो तर किल्लेदार हसला असता. माझ्यासारख्याला सूड घ्यायचा तर दुसरं करणार तरी काय?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ताईंची नणंद डबा घेऊन आली. ती पलीकडच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते. बोलायला फटकळ, पण वहिनीवर जीव. तिने डबा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावरची चिठ्ठी वाचली.

“वहिनी, हा नादुरुस्त आहे हे कुणी ठरवलं?”

“किल्लेदाराने.”

“उघडून बघितलं त्याने? दुसऱ्या संगणकाला लावून बघितलं?”

“नाही. नुसती चिठ्ठी लावली.”

“मग आपण बघू.”

“अगं, पासवर्ड लागतो. काही हात लावला की तो चौकट दाखवतो.”

“संगणकाला लागतो. याच्या अंगावरच्या बटणांना कसला आलाय पासवर्ड?”

नऊ वर्षांत मला हे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. तिने माझी पाचही बटणं चाचपली. मेन्यूचं रुतलेलं होतं, बोट पोचेना. तिने पिशवीतून विणायची सुई काढली, तिची बोथट बाजू आत घातली आणि हलकेच दाबली. माझा मेन्यू उघडला. एका पानावर मी स्वतःची माहिती लिहून ठेवलेली असते. ती दोघींनी वाचली. येणारं चित्र, ८०० × ६००. माझं माप, १२८० × १०२४.

“हा तर बरोबर आहे. याला जेवायलाच अर्धं देतायत,” नणंद म्हणाली.

मग तिने शेवटचा पर्याय निवडला, सगळं मूळ स्थितीला आणण्याचा. किल्लेदाराने केलेलं सगळं पुसलं गेलं आणि त्याबरोबर माझी वाचा परत आली. त्याच दाबण्यात रुतलेलं बटण कायमचं निकामी झालं, सुई लावूनही ते पुन्हा हललं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी पडदा क्षणभर काळा केला, पुन्हा उजळलो आणि मधोमध चौकट उघडून म्हणालो, ‘हे माप योग्य नाही. १२८० × १०२४ ठेवा.’

“बघा, बोलतोय तो,” नणंद म्हणाली.

माप बदलणं तिच्याही हातात नव्हतं, त्याला पासवर्ड हवाच होता. पण तिने ताईंना दुसरी एक गोष्ट शिकवली. कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबायची, यादीतून ‘हलवा’ निवडायचं आणि वरच्या बाणाचं बटण धरून ठेवायचं. मग अख्खा फॉर्मच वर सरकतो, नावाची ओळ पडद्याबाहेर जाते आणि खालचं दिसायला लागतं. ताईंनी बाण दाबून धरला. बारावी ओळ आली, तेरावी आली, चौदावी आली. आणि पंधरावी ओळ, तशीच, जिथल्या तिथे, कोरी.

ताईंचा हात कीबोर्डवर थांबला. “काढली म्हणाला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या दिवशीचा डबा तसाच राहिला. दुपारी खिडकी उघडली तेव्हा ताईंनी पहिल्या माणसापासून पुन्हा दोनदा विचारायला सुरुवात केली, आणि प्रत्येक फॉर्म बाणाने वर सरकवून पंधरावी ओळ भरली. तोवर ज्यांची ती ओळ कोरी गेली होती त्या सगळ्यांना त्यांनी शनिवार-रविवारी एकेक करून फोन लावले आणि विचारून घेतलं. ते काम त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. किल्लेदार उभा राहून बोलत होता. चौकशीत मला पुरावा म्हणून आणा, असं त्यानेच सुचवलं होतं. आणताना त्याने मला दाराच्या चौकटीवर आपटलं. चुकून लागला म्हणे. माझ्या आत काहीतरी खुळखुळलं आणि मी घाबरलो, खोटं कशाला बोलू.

“मॅडम, खराब मॉनिटर कुठेही लावा, खराबच दिसणार,” किल्लेदार म्हणाला.

ताई डॉक्टरीणबाईंकडे वळून पहिल्यांदाच बोलल्या. “मग लावून बघू या का? तुमच्याच संगणकाला.”

किल्लेदार गडबडला. वायर बसणार नाही, वेळ जाईल, असं काहीबाही म्हणू लागला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून आपल्या मॉनिटरची वायर काढली आणि माझ्या पाठीत खोचली. मित्रांनो, मी सगळी ताकद एकवटली. आत खुळखुळणाऱ्या त्या तुकड्याला म्हटलं, आज गप्प बस, उद्या हवं तर मर. आणि मी उजळलो. काठोकाठ. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचे सगळे कागद, अहवालांची बारीक अक्षरं, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि परत लावला.

“हा तर माझ्या मॉनिटरपेक्षा बरा दिसतोय,” त्या ताईंना म्हणाल्या. “आता याला तुमच्या खिडकीवर लावा. मी येते खाली.”

सगळे खाली आले. मला खटाऱ्याला जोडलं. मी त्या क्षणाची वाटच पाहत होतो. किल्लेदाराच्या तोंडासमोर, डॉक्टरीणबाईंच्या देखत, मी माझी चौकट उघडली आणि माझं वाक्य म्हटलं. पूर्ण मिनिटभर म्हटलं. त्याने सवयीने माझ्या हनुवटीखाली हात घातला, मला गप्प करायला. मेन्यूचं बटण लागलंच नाही. ते त्यानेच मोडलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मॉनिटर सांगतोय की चूक संगणकाची आहे. हा संगणक कुठला?”

“ताईंचाच,” किल्लेदार म्हणाला.

ताई खाली वाकल्या. “माझ्या सीपीयूला बटणापाशी लाल ठिपका होता. याला नाही.”

लाल ठिपक्याचा सीपीयू किल्लेदाराच्या केबिनमध्ये टेबलाखाली सापडला. मग डॉक्टरीणबाईंनी ताईंना फॉर्म उघडायला सांगितलं. ताईंनी बाण दाबून धरला, पंधरावी ओळ वर आली, आणि ताईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली. ओळ काढली असं किल्लेदार म्हणाला की नाही, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. इतक्या जवळून, इतका स्पष्ट, मी तो रंग पाहिला.

ताईंची नोकरी राहिली. त्यांचा सीपीयू त्यांना परत मिळाला. मुख्य पासवर्ड किल्लेदाराकडून काढून घेतला आणि आठवड्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या एका तरुण अभियंता बाईंकडे सोपवला. नवा मॉनिटर मागवावा असं किल्लेदाराने तीन वेळा लिहिलेलं होतं, तेही डॉक्टरीणबाईंनी मंजूर केलं. नवा ताईंना. आणि जुना, म्हणजे मी, खटाऱ्यासकट किल्लेदाराच्या केबिनमध्ये.

ताईंनी शेवटचा माझा चेहरा पुसला. चिठ्ठी ओली करून काढली, डाग काही गेला नाही. “बघ हं नीट,” त्या मला म्हणाल्या. नऊ वर्षांची सोबत सुटली याचं दुःख मला आजही आहे. पण जिथे चाललो होतो तिथे जायची मला घाईही होती.

आता रोज सकाळी किल्लेदार संगणक लावतो आणि मी त्याच्या तोंडावर माझं वाक्य म्हणतो. तो मान फिरवून मिनिटभर भिंतीकडे बघतो. अक्षरं भोपळ्याएवढी, फॉर्म अर्धे. माप बदलून मिळावं म्हणून त्याने अर्ज केला आहे. अर्ज गुरुवारीच पाहिले जातात. स्क्रीनच्या तक्रारी सर्वांत शेवटी. त्या अभियंता बाई नियमाच्या पक्क्या आहेत आणि नियम दारावर त्याच्याच वळणदार अक्षरात लावलेले आहेत. त्याचा पहिला अर्ज अपूर्ण निघाला. मला वाटलं होतं की एवढ्याने माझं समाधान होणार नाही. झालं. अगदी पोटभर झालं.

केबिनचं दार उघडं असलं की समोर नोंदणीची खिडकी दिसते. गेल्या आठवड्यात किल्लेदार तापाने फणफणला होता. तो याच दारातून बाहेर गेला आणि खिडकीसमोर रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. ताईंनी नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. मग पंधरावी ओळ.

“कोणत्या औषधाचा त्रास होतो का?”

“नाही,” तो खाली बघून म्हणाला.

ताईंनी पेन खाली ठेवलं. “नक्की ना? आठवून बघा.”

मग त्याने एका गोळीचं नाव सांगितलं. लहानपणी तिने अंगभर गांध्या उठल्या होत्या म्हणाला. ताईंनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांना चापट मारू नका, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, मऊ फडक्याने वरून खाली पुसा. आणि कुणाच्या कपाळावर ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी लावण्याआधी त्याची वायर दुसरीकडे लावून बघा. कुणाला काही विचारायचं झालं तर ताईंसारखं दोनदा विचारा. माझं अनुकरण करू नका. किल्लेदार रांगेत आला त्या दिवशी ताईंच्या जागी मी असतो, तर त्याला एकदाच विचारलं असतं.